या चुका टाळा : लिंक्ड डेटाच्या क्वेरी साधनांतली रिकामी उत्तरे

मडगावात आम्ही तिघे मिळून पायथनमधली एक छोटी मुक्तस्रोत लायब्ररी सांभाळतो. विकिडेटासारख्या लिंक्ड डेटाच्या, म्हणजे एकमेकींशी दुव्यांनी जोडलेल्या नोंदींच्या, साठ्यांना स्पार्कल या प्रश्नभाषेत क्वेरी (प्रश्न) पाठवणे आणि आलेले उत्तर तक्त्याच्या रूपात हाती देणे, एवढेच तिचे काम आहे. प्रोग्राम कोसळल्याच्या तक्रारी आमच्याकडे थोड्या येतात आणि त्या लवकर सुटतात. आठवडेच्या आठवडे रखडतात त्या ‘उत्तर रिकामे येते’ किंवा ‘ओळी कमी येतात’ या तक्रारी, कारण त्यांत कुठेही एरर दिसत नाही आणि वापरणाऱ्याचा समज होतो की मुळात माहितीच नाही.

यांतली सर्वांत जास्त वेळा होणारी चूक भाषेच्या टॅगची, म्हणजे मजकूर कोणत्या भाषेतला आहे हे सांगणाऱ्या खुणेची आहे. पेडण्याच्या एका शिक्षकांनी कळवले की ‘पणजी’ हे नाव शोधल्यास एकही ओळ मिळत नाही. त्यांनी क्वेरीत अवतरणचिन्हांत नुसते पणजी लिहिले होते. साठ्यात मात्र ते लेबल (नोंदीचे नाव) ‘एमआर’ या मराठीच्या टॅगसह असते, आणि टॅग असलेली व नसलेली स्ट्रिंग (अक्षरांची मालिका) स्पार्कल एकच मानत नाही. गोव्यात हा गुंता आणखी वाढतो. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही शासकीय वापरात स्थान मिळाले, त्यामुळे एकाच गावाचे लेबल आपल्याला दोन्ही भाषांत हवे असते. गोव्यातल्या कोकणीसाठी विकिडेटावर ‘जीओएम’ हा टॅग आहे, आणि लिपी सांगणारा ‘जीओएम-देवा’ हाही आहे. टॅगची तुलना बरोबरच्या चिन्हाने केली, तर पहिला मागितल्यावर दुसरा गळून जातो. लँगमॅचेस हे फंक्शन वापरल्यास दोन्ही मिळतात. आमच्या लायब्ररीत सुरुवातीला थेट तुलनाच होती, आणि तिच्यामुळे किती कोकणी नावे लोकांना दिसली नसतील, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

टॅग बरोबर असूनही नाव सापडत नसेल, तर अक्षरांच्या आत पाहावे. ‘दऱ्या’ हा शब्द संगणकावर निदान तीन प्रकारे साठवला जातो: नुक्त्याच्या (अक्षराखालच्या टिंबाच्या) तयार ऱ ने, साध्या र पुढे वेगळा नुक्ता देऊन, किंवा र, हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर हे अदृश्य चिन्ह वापरून. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, परंतु स्पार्कल त्यांची तुलना सांकेतिक क्रमांकांनी करते. युनिकोडच्या एनएफसी या प्रमाणित रूपाने पहिले दोन प्रकार एक होतात, तिसरा होत नाही; म्हणून दोन्ही रूपे शोधावी लागतात. येथे अनेक मेंटेनर (लायब्ररी सांभाळणारे) ‘साफसफाई’ म्हणून सगळी अदृश्य चिन्हे काढून टाकतात. ते कृपया करू नये. जॉइनर काढला की तिसऱ्या प्रकारातल्या ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, आणि सत्तरी तालुक्याच्या डोंगरांतली नोंद समुद्रात जाते.

एका सद्भावी योगदानकर्त्याने आमच्या सर्व फाइलींत पत्त्यांच्या सुरुवातीचे एचटीटीपी बदलून एचटीटीपीएस केले होते. विकिडेटाच्या घटकांचे आयआरआय, म्हणजे त्यांची ओळख ठरवणारे पत्ते, एचटीटीपीनेच सुरू होतात. तो ओळखीचा भाग आहे, आणि त्यात एक अक्षर वाढले तरी उत्तर शून्य येते.

सर्व्हरकडून येणारे अपुरे उत्तर ओळखणे त्याहून कठीण आहे. विकिडेटाच्या क्वेरी सेवेत एका क्वेरीला ६० सेकंदांची मर्यादा आहे. उत्तर पाठवणे सुरू झाल्यावर ती ओलांडली गेली, तर स्टेटस २०० (‘यशस्वी’ सांगणारा सर्व्हरचा सांकेतिक आकडा) च राहतो आणि जेसॉनच्या, म्हणजे उत्तर ज्या मजकूर-स्वरूपात येते त्याच्या, मध्येच एररचा मजकूर येतो. त्यामुळे केवळ स्टेटस पाहून यश मानू नये, आणि अर्धवट जेसॉन ‘दुरुस्त’ करून तर मुळीच देऊ नये. विकिपीडियातून काढलेल्या माहितीचा साठा असलेल्या डीबीपीडियाचा सार्वजनिक एंडपॉइंट (क्वेरी पाठवण्याचा पत्ता) एका वेळी १०,००० ओळींवर थांबतो. नेमक्या तेवढ्या ओळी आल्या, तर लायब्ररीने इशारा द्यावा. मे २०२५ मध्ये विकिडेटाने संशोधन-लेखांचा भाग वेगळ्या एंडपॉइंटवर नेला, तेव्हा कोडमध्ये काहीही न बदलता काही जुन्या क्वेरी रिकाम्या येऊ लागल्या. ‘फार विनंत्या झाल्या’ असे सांगणारा ४२९ हा स्टेटस आल्यास उत्तराच्या रिट्राय-आफ्टर या शीर्षकात सांगितलेला वेळ थांबावे, आणि विनंतीच्या यूजर-एजंट या शीर्षकात आपल्या साधनाचे नाव व संपर्क द्यावा.

टेस्टही, म्हणजे कोड तपासणाऱ्या चाचण्या, सार्वजनिक एंडपॉइंटवर चालवू नयेत. गोव्याचे तालुके १२ आहेत, म्हणून उत्तरात १२ ओळी येतात का, हे पाहणारी टेस्ट आम्ही लिहिली होती. विकिडेटावर कोणी एक नोंद बदलली आणि आमचे रिलीज अडकले. आता तोच डेटा टर्टल या स्वरूपाच्या फाइलमध्ये साठवून आरडीएफलिब या पायथन लायब्ररीवर आमच्याच संगणकावर तपासतो. क्वेरीत ओळींची संख्या मर्यादित करणाऱ्या लिमिटसोबत क्रम ठरवणारे ऑर्डर बाय नसल्यास ओळींचा क्रमच काय, कोणत्या ओळी येतील याचीही खात्री नसते, हेही तेव्हाच ध्यानात आले.

तक्रार नोंदवण्याच्या फॉर्मवर आता आम्ही पूर्ण क्वेरी, एंडपॉइंट, चालवल्याची वेळ आणि मिळालेल्या ओळींची संख्या मागतो. शोधलेला शब्द मात्र स्क्रीनशॉटमध्ये घेत नाही, कॉपी करून मागतो. चित्रात जॉइनर दिसत नाही.