बजरीगर आणताय? आधी डॉक्टर शोधा

बजरीगर म्हणजे पोपटाच्या कुळातला छोटा पाळीव पक्षी. तो आणण्याआधी, पिंजऱ्याच्या आधी, दाण्याच्या आधी, पक्ष्यांवर उपचार करणारा डॉक्टर शोधून ठेवा. फोन करून स्पष्ट विचारा: छोटे पक्षी बघता का? रात्री कोण असतं? रविवारी? पाटीवर प्राण्यांचा दवाखाना लिहिलेलं असलं, तरी बऱ्याच ठिकाणी फक्त कुत्री-मांजरंच तपासतात. मी हे विचारलं नव्हतं. शनिवारी रात्री नऊ वाजता आमची हिरवी मादी पिंजऱ्याच्या तळाशी पिसं फुगवून बसलेली दिसली आणि तेव्हा कुठे मी नंबर शोधायला बसले. पाच फोन केले. दोघांनी उचलले नाहीत, तिघांनी पक्षी बघत नाही म्हणून सांगितलं. मुंबईत परळला प्राण्यांचं बाई साकरबाई रुग्णालय आहे, पण आम्ही बदलापूरला. पहाटे ती गेली. अंडं अडकलं होतं, हे मागाहून कळलं.

आता बाकीचं. दुकानात ज्यांना 'लव्हबर्ड' म्हणतात ते बहुधा बजरीगरच असतात, मूळचे ऑस्ट्रेलियाचे. ते पाळायला हरकत नाही. राघू किंवा मुनिया कुणी गुपचूप देऊ करत असेल तर तिथून निघा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना पाळायला बंदी आहे. एकटा पक्षी आणू नका, झुरतो. पहिल्यांदाच पाळणार असाल तर दोन नर घ्या. चोचीच्या वर नाकपुड्यांभोवती जो मऊ भाग असतो, तो बहुतेक रंगांच्या मोठ्या नरात निळा आणि मादीत तपकिरी असतो.

पिंजऱ्याबरोबर दुकानदार मडकं देईल. घेऊ नका. आडोसा मिळाला की मादी अंडी घालू लागते, आणि नुसत्या दाण्यांवर वाढलेल्या मादीच्या अंगात त्यासाठी पुरेसं कॅल्शियम नसतं. आमचं तेच झालं. समुद्रफेस (माकुळाचं पांढरं हाड, त्यातून कॅल्शियम मिळतं) मात्र पहिल्या दिवसापासून टांगा.

पिंजरा उंच नको, लांब हवा. हे पक्षी आडवे उडतात, त्यामुळे घुमटासारखे गोल पिंजरे दिसायला कितीही छान असले तरी त्यांच्या उपयोगाचे नाहीत. दोन गजांमधली फट सव्वा सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर डोकं अडकतं. प्लॅस्टिकच्या एकसारख्या दांड्या काढून पेरूच्या कमी-जास्त जाडीच्या फांद्या धुऊन, वाळवून लावा. आरसा नको.

जागा नीट निवडा. स्वयंपाकघरात तर अजिबात नाही. नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरतात. आपल्याला वासही येत नाही. उदबत्ती, धूप, डासांची कॉइल, सगळं दुसऱ्या खोलीत. बाल्कनीत रात्री ठेवू नका: मांजर, उंदीर. पक्षी बाहेर सोडण्याआधी छताचा पंखा बंद करा, खिडक्या लावा, मगच दार उघडा. घरातल्या प्रत्येकाला हे सांगून ठेवा.

खाणं: राळा, बाजरी, रोज थोडी धुतलेली कोथिंबीर किंवा मेथी, किसलेलं गाजर. अवोकाडो, चॉकलेट, चहा कधीच नाही. वाटी भरलेली दिसली तरी फसू नका, वर नुसती टरफलं असतात. रोज फुंकर मारून बघा. पाणी रोज बदला.

डॉक्टरचा नंबर मिळाला का? मग एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. बजरीगर साधारण ३० ते ४० ग्रॅमचा असतो. आजार तो लपवतो, कारण कळपात दुबळा दिसलेला पक्षी आधी शिकारीला बळी पडतो, आणि फुगलेल्या पिसांत घटलेलं वजन दिसत नाही. आठवड्यातून दोनदा सकाळी वजन करून लिहून ठेवा. तीन-चार ग्रॅम कमी झाले, तळाशी बसला, किंवा श्वासाबरोबर शेपटी वर-खाली होऊ लागली, की सकाळची वाट बघू नका. त्याच क्षणी फोन. तोवर ऊब द्या. न्यायला भोकं पाडलेला छोटा डबा आधीपासून तयार ठेवा. मी त्या रात्री तोही शोधत होते.

घरी आणल्यावर आठवडाभर हात लावू नका, फक्त जवळ बसून बोला. रात्री दहा-बारा तास अंधार आणि शांतता, वरून सुती कापड. तळाचा कागद रोज बदला, नंतर हात धुवा. घरात कुणाला दमा असेल तर आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. दिवाळीत खिडक्या बंद. गावाला जाणार असाल तर दाणापाणी कोण बघेल ते ठरवा आणि त्या माणसालाही पक्ष्यांच्या डॉक्टरचा नंबर द्या.

तो नंबर मोबाइलमध्ये ठेवून भागत नाही. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावा, शिवाय दुसऱ्या एखाद्या डॉक्टरचाही. तो कागद लागल्याशिवाय दुकानात जाऊ नका.