पंपवाल्या इंजिनाची नीडल लावण्यापूर्वी

मॉडेल विमानाच्या साध्या ग्लो इंजिनाची (मिथेनॉलवर चालणाऱ्या आणि ग्लो प्लगच्या तापलेल्या तारेने पेटणाऱ्या इंजिनाची) नीडल, म्हणजे इंधनाचे प्रमाण ठरवणारा सुईसारखा स्क्रू, लावता येऊ लागली की इंधनाचा पंप बसवलेले इंजिनही तितक्याच सहज जमेल असे वाटते. मलाही तसेच वाटले होते, आणि त्या समजुतीपायी माझे दोन महिने, पाच ग्लो प्लग आणि एक पिस्टन-लायनर खर्ची पडला.

एरोबॅटिक विमानात टाकी गुरुत्वमध्यापाशी ठेवली की इंधन संपत आले तरी विमानाचा तोल ढळत नाही. मात्र इतक्या लांबून, तेही नाक आभाळाकडे असताना, इंधन ओढून घेणे कार्बोरेटरला जड जाते. त्याचे भोक मोठे असेल तर हवेचा वेग घटून ओढ आणखीच कमी पडते. ही उणीव पंप भरून काढतो. काही पंपांतला पडदा क्रँककेसमधल्या (पिस्टनखालच्या पेटीतल्या) दाबाच्या ठोक्यांवर हलतो, तर काही पंप निव्वळ इंजिनाच्या थरथरीवर चालतात.

माझे 10 सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन जमिनीवर सुरेख चाले. उड्डाणाची पहिली चार मिनिटेही छान जात. मग आवाज चिरका होई, मागची धुराची रेघ नाहीशी होई आणि इंजिन हवेतच बंद पडे. लक्षण लीनचे, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडल्याचे, होते, म्हणून मी मुख्य नीडल दोन खटके उघडली. आता भरल्या टाकीवर इंजिन रिच होऊन, म्हणजे इंधन जास्त होऊन, गुरगुरू लागले आणि अर्ध्या टाकीवर पुन्हा लीनच झाले. मग मी पंपाच्या दाबाचा स्क्रू फिरवला, त्याची भरपाई म्हणून नीडल फिरवली, आणि अखेर मूळ सेटिंग कोणते होते हेच मला आठवेना. पंपाचा स्क्रू कारखान्याच्या खुणेवरून हलवू नका. ही विनंती नव्हे, ताकीद समजा.

खरा दोष टाकीत होता. मफलरच्या दाबावर चालणाऱ्या टाकीची बाहेरची नळी फुटली तर इंधन झिरपते आणि दोष दिसतो. टाकीपासून पंपापर्यंतची नळी मात्र ओढीखाली असते. तिला छिद्र पडले तर बाहेर थेंबही येत नाही, उलट हवा आत शिरते. माझे छिद्र तर टाकीच्या पोटात, क्लंकच्या (इंधनाबरोबर हलणाऱ्या, नळीच्या टोकावरच्या वजनाच्या) लवचीक नळीला होते. टाकी भरलेली असताना ते इंधनात बुडालेले असे, म्हणून काहीच बिघडत नसे. पातळी खाली गेली की ते उघडे पडून इंधनाऐवजी हवा ओढू लागे. मी टाकी पाण्यात बुडवून, बाकीच्या नळ्या बंद करून एकीतून फुंकलेही होते. बुडबुडा आला नाही, म्हणून टाकीला निर्दोष ठरवले. पण त्या परीक्षेत आतल्या नळीच्या आत-बाहेर सारखाच दाब असतो, त्यामुळे तिचे छिद्र कधीच उघडकीस येत नाही. त्यासाठी टाकीचे बूच नळ्यांसकट बाहेर काढायचे, क्लंकचे तोंड बोटाने दाबायचे, इंधनाच्या नळीतून फुंकायचे आणि ती पाण्याखाली धरायची. मी तसे केले तेव्हा पितळी नळीच्या टोकापाशी बुडबुड्यांची बारीक माळ उठली. पितळी नळी कापल्यावर तिची कड मी घासली नव्हती आणि त्या कडेनेच तिच्यावर चढवलेली सिलिकॉनची लवचीक नळी चिरली होती.

मैदानावरच्या जाणकारांविषयीही थोडे बोलतो. न विचारता येऊन तुमची नीडल फिरवणारा माणूस कितीही अनुभवी असला तरी त्याला नम्रपणे थांबवा. मला खरी मदत केली ती “टाकी किती उरली असताना बंद पडते?” एवढेच विचारणाऱ्या गृहस्थांनी. “दीड वळण उघडा, झाले काम” हा सल्ला फक्त इंजिन सुरू होण्यापुरता खरा आहे.

टाकी निर्दोष असेल तर पुढचे काम अवघड नाही, घाबरू नका. मिथेनॉल इंधन मिश्रणातल्या थोड्या चुका पोटात घालते. पेट्रोल त्या मानाने कडक शिस्तीचे आहे. इंजिन गरम होऊ द्या, ग्लो प्लगची बॅटरी काढा आणि प्रोपेलरच्या मागे उभे राहूनच नीडलला हात लावा. पूर्ण थ्रॉटलवर मुख्य नीडल हळूहळू बंद करत कमाल फेरे गाठा, मग मिनिटाला 200 ते 300 फेरे उतरतील इतकी ती पुन्हा उघडा. सोबत्याला विमानाचे नाक सरळ वर धरायला सांगा. आवाज खचला तर अजून थोडी उघडा.

त्यानंतरच आयडलची, म्हणजे मंद गतीची, नीडल. अर्धा मिनिट मंद चालवून थ्रॉटल एकदम उघडा. इंजिन धूर ओकत, अडखळत चढले तर रिच आहे. आवाज न करता विझले तर लीन आहे. एका वेळी वळणाचा आठवा भागच फिरवा आणि शेवटी मुख्य नीडल परत तपासा. हे सगळे भरल्या टाकीवर जमले की इंधन निम्म्यावर येईपर्यंत इंजिन जमिनीवरच चालवा आणि नाक वर धरण्याची परीक्षा पुन्हा घ्या. तिथे आवाज चिरका झाला तर स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा आणि बूच उघडा.