पेठ पुन्हा गजबजवायची आहे? मग या चुका टाळा

बायपास झाला, एसटी स्टँड गावाबाहेर गेलं, हायवेला लागून ऐसपैस पार्किंगवालं सुपरमार्केट आलं आणि जुनी पेठ ओस पडत गेली. महाराष्ट्रातल्या लाख-दोन लाख वस्तीच्या कितीतरी गावांत हेच घडलं आहे. संध्याकाळी सातला जिथे खांद्याला खांदा लागायचा, तिथे आता आठ-साडेआठलाच शटरं खाली ओढल्याचा आवाज येतो. मग गावातलीच चार माणसं एकत्र येतात आणि ‘पेठेत काहीतरी करूया’ म्हणून कामाला लागतात. मीही आमच्या गावात त्यातलाच एक. काही वर्षं हे काम केल्यावर आणि दुसऱ्या गावांतली कामं जाऊन पाहिल्यावर लक्षात आलं की चुका सगळीकडे त्याच होतात. त्या लिहून ठेवतो आहे, म्हणजे निदान तुमचे पैसे आणि उमेद तरी वाचेल.

सुरुवातच महोत्सवाने करणं

आमची पहिली चूक हीच. तीन दिवसांचा महोत्सव, चौकात भलं मोठं स्टेज, बाहेरगावचा ऑर्केस्ट्रा, कमान, फ्लेक्स. वर्गणी गोळा करण्यात दोन महिने गेले. तिन्ही दिवस तोबा गर्दी. चौथ्या दिवशी मांडववाल्याने बांबू उतरवले आणि पेठ होती तशी झाली. पुढच्या वर्षी वर्गणीला गेलो तेव्हा दुकानदारांनी चहा पाजला, पैसे मात्र निम्मे दिले. त्यांचं काही चुकलं नव्हतं.

एकदा येऊन गेलेल्या माणसाला त्या जागेची सवय लागत नाही. सवय लागते ती वार आणि वेळ ठरलेली असली की. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार बघा. ‘या, या’ म्हणून कुणाला सांगावं लागत नाही. शुक्रवार आहे एवढं पुरतं. डोंबिवलीच्या फडके रोडवर दिवाळीच्या पहाटे तरुण मुलंमुली नवे कपडे घालून जमतात, तिथे त्यांना ओढून आणणारी गोष्ट तिकीट किंवा स्टेज नाही. दिवस ठरलेला, जागा ठरलेली, आणि आपल्या ओळखीचे सगळे तिथे भेटणार ही खात्री.

म्हणून महोत्सवाचा पैसा बारा भागांत वाटा. महिन्याचा पहिला शनिवार, संध्याकाळी ५ ते ९, पेठेतला जेमतेम दोनशे मीटरचा तुकडा. एक भजनी मंडळ किंवा शाळेचं लेझीम पथक, मुलांसाठी रस्त्यावर खडूने चित्रं काढायची मुभा, दोन-चार बचतगटांची टेबलं. बस्स. पहिल्या दोन वेळी माणसं कमी येतील. आमच्याकडे पाऊसही आला. तरी वार बदलायचा नाही. एकदा जरी ‘या महिन्यात नाही, पुढच्या महिन्यात’ केलंत तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

‘गर्दी झाली, पण गल्ला तसाच’

कार्यक्रमानंतर दुकानदार हे बोलला, तर आधी मांडणी तपासा. आमचं स्टेज कापड दुकानांच्या ओळीला पाठ करून उभं होतं. जनरेटर एका साडीच्या दुकानाच्या पायरीला टेकलेला, प्रेक्षकांच्या खुर्च्या बाकीच्या दुकानांच्या दारांत. त्या दुकानाचे मालक तिन्ही दिवस आतून बघत बसले. शेवटच्या दिवशी मला हाक मारून म्हणाले, ‘‘दादा, कार्यक्रम सुंदर झाला. पण तीन दिवस माझी बोहनीच नाही.’’ मला उत्तर सुचलं नाही. त्यांच्याच दहा हजारांच्या वर्गणीतून ते स्टेज उभं होतं.

स्टेजसमोर बसलेला माणूस दोन तास हलत नाही आणि कार्यक्रम संपला की थेट घरी जातो. दुकानाला हवा असतो तो रेंगाळणारा, चार पावलं चालून थांबणारा माणूस. म्हणून एका मोठ्या स्टेजऐवजी तीन-चार छोट्या जागा करा: एका टोकाला ढोलकी, मध्ये जादूचे प्रयोग, दुसऱ्या टोकाला पुस्तकांच्या फळ्या. माणसं या टोकाहून त्या टोकाला फिरतात आणि वाटेत दुकानं लागतात. दुकानाच्या दारापासून सहा-सात फूट जागा मोकळी हवीच.

दुसरं, बाहेरच्या स्टॉलवाल्यांना जागा देताना समोर कुणाचं दुकान आहे ते बघा. भांड्यांच्या दुकानासमोर भांड्यांचा सेल लावाल, तर पुढच्या वेळी ते दुकान तुमच्या विरोधात असेल. पहिला हक्क पेठेतल्याच दुकानदाराला द्या. त्याने आपला माल दारापुढे टेबलावर मांडावा, शिंप्याने मशीन बाहेर आणून चालवावी, मिठाईवाल्याने कढई दारात लावावी. जिलबी तळताना बघायला माणूस थांबतोच, आणि थांबलेला माणूस पावशेर तरी घेतो.

हातगाड्या हटवून ‘स्वच्छ’ पेठ करणं

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक ही, आणि ती चांगल्या हेतूने होते म्हणून तिच्यावर जरा थांबून लिहितो.

एका गावात सुशोभीकरणाच्या आधी गल्लीतल्या हातगाड्या आणि पथारीवाले मागच्या मैदानात हलवले. रस्ता रुंद दिसायला लागला, फोटो छान आले. महिनाभरात दुकानदारच तक्रार करू लागले की संध्याकाळी कुणी फिरकत नाही. मी सातच्या सुमाराला जाऊन उभा राहिलो तेव्हा पहिली गोष्ट जाणवली ती काळोख. त्या गल्लीत नगरपालिकेचे दिवे तीनच. बाकीचा सगळा उजेड गाड्यांवरच्या बल्बांचा होता! गजरेवाल्या मावशींचा एक, भेळवाल्याचे दोन, पेरूवाल्याचा एक. गाड्या गेल्या तसा उजेड गेला, आणि उजेडाबरोबर एकटीदुकटी येणारी बाई गेली. गजऱ्यासाठी थांबणाऱ्या बायका शेजारी बांगड्यांच्या दुकानात शिरायच्या, तेही बंद झालं.

पथविक्रेता अधिनियम २०१४ पासून लागू आहे आणि तो हटवण्यापेक्षा बसवण्याची पद्धत सांगतो. या कायद्याने नेमायच्या नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे प्रतिनिधी हवेत, त्यात एक तृतीयांश महिला. पाच वर्षांतून एकदा तरी सर्वेक्षण व्हायला हवं. आणि ज्या ‘नैसर्गिक बाजारात’, म्हणजे परंपरेने आपसूक भरत आलेल्या बाजारात, पन्नास वर्षांहून जास्त काळ पथविक्री चालू आहे, तिथल्या विक्रेत्यांना हलवता येत नाही. बऱ्याच जुन्या पेठांमधले बाजार या व्याख्येत सहज बसतील. तुमच्या गावात समितीची शेवटची बैठक कधी झाली ते नगरपालिकेत जाऊन विचारा.

व्यवहारात आमचा तोडगा साधा होता. रस्त्यावर पांढऱ्या पट्ट्याने चौकोन आखले, प्रत्येक गाडीला एक चौकोन, आणि दोन चौकोनांमध्ये दुकानाचं दार उघडं राहील एवढी फट. आखणी करताना दुकानदार आणि गाडीवाले दोघांनाही बरोबर उभं केलं. भांडणं झाली, दोनदा पट्टे पुसून नव्याने मारावे लागले. पण कागदावर नकाशा काढून आणला असता तर ते आठ दिवसही टिकलं नसतं.

कारंजं आधी, स्वच्छतागृह नंतर

पैसे आले की पेव्हर ब्लॉक, कारंजं, रंगीत दिवे आणि ‘आय लव्ह’ लिहिलेला सेल्फी पॉइंट. कारंज्याची मोटर पहिल्याच उन्हाळ्यात बंद पडते.

आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून लग्नाचा बस्ता बांधायला येणाऱ्या बायकांना विचारा, त्या घाई का करतात. सकाळी घरून निघाल्यापासून त्या पाणी पीत नाहीत, कारण पेठेत जायला जागा नाही. दोन तासांत खरेदी उरकून त्यांना घर गाठायचं असतं. मुंबईत बायकांच्या स्वच्छतागृहांसाठीची ‘राइट टू पी’ ही चळवळ २०११ पासून हेच सांगते आहे. छोट्या गावांत हा प्रश्न अजून कुणी मोठ्याने मांडतच नाही. नळाला पाणी, आतून लागणारी कडी, दिवा आणि दिवसभर बसणारी एक देखभाल करणारी बाई असलेलं एक स्वच्छतागृह पेठेला जे देतं ते दहा कारंजी देणार नाहीत. माझं ठाम मत आहे की हे होईपर्यंत एकाही कार्यक्रमावर रुपया खर्च करू नये. तोवर एखादी बँक किंवा मंगल कार्यालय ठरावीक वेळेत आपलं स्वच्छतागृह उघडं ठेवायला तयार होतं का बघा. आमच्याकडे एक मंगल कार्यालय झालं.

मग बसायची जागा. आपल्याकडे पार आणि कट्टे होतेच. रस्तारुंदीत पार फोडले आणि दुकानांच्या कट्ट्यांवर कुणी बसू नये म्हणून लोखंडी खिळे ठोकले. ते खिळे काढायला दुकानदारांना राजी करणं हे सगळ्यात स्वस्त सुशोभीकरण आहे.

एका रात्रीत रस्ता बंद करणं

वाहनं थांबवली की पेठ फुलते हे खरं, पण ते पायरीपायरीने करायचं काम आहे. पुणे महापालिका २०२१ पासून दरवर्षी ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा भाग पादचारी दिनासाठी गाड्यांना बंद ठेवते. वर्षातला एक दिवस, एक तुकडा. दिल्लीच्या चांदणी चौकात २०२१ मध्ये नव्याने खुल्या झालेल्या रस्त्यावर सकाळी ९ ते रात्री ९ मोटारगाड्यांना बंदी घातली, म्हणजे मालाच्या गाड्यांना रात्र आणि पहाट मोकळी राहिली. छोट्या गावात ‘पूर्ण बंद’ अशी घोषणा झाली की पहिला प्रश्न येतो धान्याच्या टेम्पोचा, दुसरा वरच्या मजल्यावर राहणाऱ्या आजारी माणसाचा. ही उत्तरं आधी हवीत: माल किती वाजता उतरणार, रिक्षा कुठपर्यंत येणार, रुग्णवाहिका कोणत्या बाजूने शिरणार. वाहतूक शाखेची परवानगी लेखी घ्या आणि तिची प्रत प्रत्येक दुकानात पोहोचवा.

‘गिऱ्हाइकाला गाडी लावायला जागा नाही’ ही तक्रार तर हमखास येणार. त्यावर वाद घालू नका. सकाळी साडेदहाला, गिऱ्हाईक यायच्या आधी, गल्लीत लागलेल्या दुचाक्या मोजा. त्या असतात मालकांच्या आणि नोकरांच्या, आणि रात्रीपर्यंत तिथेच. ही मोजणी व्यापारी संघटनेच्या दोन माणसांना बरोबर घेऊन करा. दुसऱ्याने मोजलेलं कुणी मानत नाही. आमच्याकडे त्यानंतर बऱ्याच दुकानदारांनी आपल्या गाड्या शाळेच्या मैदानाकडे लावायला सुरुवात केली.

वार आणि वेळ न बघणं

आम्ही एकदा पेठेच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी कार्यक्रम ठेवला. बंद शटरांपुढे गाणं झालं. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दुकान आठवड्याचे सातही दिवस उघडं ठेवता येतं, फक्त कामगाराला त्याची साप्ताहिक सुट्टी मिळायला हवी. तरी गावाची जुनी रीत एका पत्रकाने बदलत नाही. पितृपक्ष, दहावी-बारावीच्या परीक्षा आणि सुगीचे दिवसही कॅलेंडरवर आधीच खुणा करून ठेवा. लाउडस्पीकर रात्री १० ला बंद करावाच लागतो. पेठेत राहणारी म्हातारी माणसं साडेनवालाच बंद केलात तर दुवा देतील.

उसना कार्यक्रम

शेजारच्या शहरात फूड फेस्टिव्हल झाला म्हणून आपल्याकडेही, असं करू नका. मिरजेकडे तंतुवाद्यं आहेत. तिथल्या सतारी आणि तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीत गाणं होतं. सावंतवाडीकडे मोती तलाव आहे आणि चितारआळीतली लाकडी खेळणी. तुमच्या पेठेतही कुणीतरी हाताने काही करत असतंच: पिंजारी, कासार, चपला शिवणारे, पखवाजाला शाई भरणारे. त्यांना दारात बसून काम करायला सांगा, आणि त्या वेळेचा मोबदला द्या. कारागिराला ‘तेवढंच तुमचं नाव होईल’ म्हणून फुकट बसवणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

साहेब बदलले, काम थांबलं

उत्साही मुख्याधिकारी लाभले की सगळं पटापट होतं. बदली झाली की नवे साहेब फाइल शोधत बसतात. म्हणून चांगले दिवस असतानाच सर्वसाधारण सभेचा ठराव करून घ्या, अंदाजपत्रकात लहानसं का होईना पण स्वतंत्र लेखाशीर्ष (या खर्चाचं वेगळं खातं) मागा, आणि ठरावाची सही-शिक्क्याची प्रत स्वतःजवळ ठेवा. सफाई कामगारांचा जादा वेळेचा मोबदला त्यातच धरा. शनिवारच्या कार्यक्रमाचा कचरा रविवारी सकाळी तसाच दिसला, तर तिथे राहणारी माणसं पुन्हा तुम्हाला साथ देणार नाहीत.

फक्त कार्यक्रमाच्या दिवशी मोजणं

गर्दीचा फोटो सगळेच काढतात. तुम्ही कार्यक्रम नसलेला मंगळवार निवडा. महिन्यातून एकदा, संध्याकाळी ७ ते साडेसात, एकाच जागी उभं राहून वहीत लिहा: चालत गेलेली माणसं किती, त्यात एकटी बाई किती, लहान मुलं किती, आणि बसलेलं कोण आहे. सहा महिन्यांनी हे आकडे हलले नसतील, तर शनिवारचा कार्यक्रम कितीही रंगला तरी त्यात बदल करायला हवा.

आमच्या वहीत पहिले चार मंगळवार ‘बसलेले’ या रकान्यात कुणीच नव्हतं. पाचव्या मंगळवारी माझ्या सोबतच्या मुलीने लिहिलं: ‘मारुतीच्या पारावर दोन आजी, भाजीच्या पिशव्या शेजारी ठेवून. मी निघाले तेव्हाही बसलेल्याच होत्या.’