कोरकू काष्ठशिल्पी-नर्तकाला नागपुरात बोलावताना

शाळेचे स्नेहसंमेलन, महाविद्यालयातील कार्यशाळा किंवा वसाहतीतील मंडळाचा वार्षिक कार्यक्रम यांसाठी मेळघाटातील कोरकू या आदिवासी जमातीच्या कलावंताला बोलवावे, असे नागपुरात अनेकांच्या मनात येते. मात्र बहुतेक वेळा त्याच्या वाट्याला पाहुण्यांच्या भाषणांमधली दहा मिनिटे येतात. जो माणूस लाकूडही कोरतो आणि फेरातही नाचतो, त्याला असे बोलावणे म्हणजे अर्धाच बोलावणे आहे. कोरकूंच्या थापटी नाचात हातात वाजणारा चिटकोरा लाकडाचा, ढोलाचे खोडही लाकडाचेच, आणि हे लाकूड नीट घडले आहे की नाही, हे ते नाचात वाजते तेव्हाच कळते. म्हणून अशा पाहुण्याला एक पूर्ण दिवस द्यावा, सकाळी कोरकाम ठेवावे आणि उन्हे उतरल्यावर नाच.

तारीख ठरवताना आपल्या सभागृहाची उपलब्धता न पाहता आधी त्याच्या गावाचे वेळापत्रक विचारावे. जून-जुलैत पेरण्या असतात, मार्च-एप्रिलमध्ये पहाटेपासून मोहफुले वेचायची असतात, आणि होळी हा तर कोरकूंचा सर्वांत मोठा सण असल्याने त्या दिवसांत मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्याकडून कोणी येईल अशी अपेक्षाच धरू नये. जागतिक आदिवासी दिन 9 ऑगस्टला येतो आणि निमंत्रणांची गर्दीही तेव्हाच होते, परंतु भर पावसाळ्यात ढोलाचे कातडे सैल पडते व आवाज बसतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा.

निमंत्रण देण्यापूर्वी काय मागायचे नाही, हे आयोजकाने स्वतःशी पक्के करावे. कोरकूंचे सर्वांत प्रसिद्ध कोरकाम म्हणजे ‘मुंडा’ हा सागवानी स्मृतिस्तंभ. त्यावर सूर्य, चंद्र आणि घोडेस्वार कोरलेले असतात. छायाचित्रांत तो फार देखणा दिसतो, त्यामुळे ‘आमच्या प्रवेशद्वारासाठी एक करून द्या’ ही मागणी हमखास पुढे येते. परंतु मुंडा मृत व्यक्तीसाठी सिडोलीच्या विधीत उभारला जातो, तो शोभेची वस्तू नाही. कोणाच्या दाराशी कोणाच्या तरी श्राद्धाची सामग्री मांडावी, तसाच हा प्रकार होईल. प्रात्यक्षिकासाठी चिटकोरा, लाकडी फणी किंवा प्राण्यापक्ष्यांच्या आकृतींची लहान फळी यांपैकी काय करायचे, ते त्यालाच ठरवू द्यावे.

लाकूड त्याला गावाहून आणायला लावू नये. मेळघाटात 1974 पासून व्याघ्र प्रकल्प आहे, आणि वाहतूक परवान्याशिवाय सागाचा एक ओंडकाही नाक्यावर अडवला जाऊ शकतो; अशा वेळी अडचणीत आपण नव्हे, तो येतो. लकडगंजमधील वखारीतून शिवणीचे किंवा सागाचे दोन-तीन तुकडे पक्क्या बिलासह आधीच आणून ठेवावेत. शिवण हलकी असते, फारशी वाकत नाही आणि एका सकाळीत काम दिसण्याजोगे पुढे जाते. तुकड्याला गाठी व तडे नाहीत ना, हे विकत घेतानाच पाहून घ्यावे. वाकस (लाकूड तासायचे हत्यार) आणि पटाशा तो स्वतःच्याच आणील, कारण दुसऱ्याच्या हत्याराला कारागिराचा हात बसत नाही. आपण धारेचा दगड, पाण्याची बादली, बसायला पोते आणि लाकूड टेकवायला जाड ठोकळा एवढेच पुरवावे. टेबल-खुर्ची मांडू नये. तो जमिनीवर बसून पायाच्या अंगठ्याने लाकूड दाबून धरतो, त्यामुळे त्याचे दोन्ही हात मोकळे राहतात, आणि विद्यार्थ्यांनी खरे तर हेच जवळून पाहायचे असते. तरीही वाकशीचा फटका जिथवर जातो तिथपासून दोन हात दूर चुन्याची रेघ आखावी आणि मुलांना तिच्याबाहेर बसवावे.

नाचासाठी मातीचे मैदान घ्यावे, रंगमंच नको. हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो आहे. एका शाळेत आम्ही सिमेंटच्या मंचावर नाच ठेवला आणि प्रमुख पाहुणे येईपर्यंत मंडळींना दीड तास उन्हात उभे केले. तापलेल्या सिमेंटवर अनवाणी पावले ठरेनात, आणि फेर गोल असल्यामुळे समोर बसलेल्या प्रेक्षकांना अर्धा वेळ नाचणाऱ्यांच्या पाठीच दिसल्या. ढोलक्याने शेवटी थांबून विचारले, “साहेब, नाच कोणासाठी आहे?” तेव्हापासून आम्ही प्रेक्षकांना भोवताली गोल बसवतो आणि स्वागतासाठी नाचकऱ्यांना कधीच उभे करत नाही.

नाच सुरू होण्याच्या अर्धा तास आधी एका घमेल्यात गोवऱ्यांची मंद आग करून द्यावी. ढोल तिच्याजवळ फिरवत शेकतात, मधूनमधून बोटाने टिचकी मारून कान देतात, आणि आवाज खणखणीत आला की ढोल बाजूला होतो. या वेळी ध्वनिवर्धकावर गाणी लावू नयेत, नाहीतर त्यांना कातड्याचा सूर ऐकूच येत नाही.

पाहुणा कोरकू नसून गडचिरोलीचा माडिया किंवा छत्तीसगडचा मारिया असेल आणि शिरपेचात गव्याची शिंगे असतील, तर 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा लक्षात ठेवावा. ‘शिंगे घालूनच या’ असा हट्ट आयोजकाने धरू नये. लाकडी शिंगे चालतील का, हे त्याला विचारता येते.

मानधनाचा आकडा फोनवर आधीच स्पष्ट बोलावा आणि प्रवासखर्च आगाऊ पाठवावा. कोरकामाचे आणि नाचाचे पैसे वेगवेगळे धरावेत. नाचात ढोलक्या, गाणाऱ्या बायका व तरुण असे अनेक जण असतात, तेव्हा वाटणी कशी होते हे त्यांनाच विचारून त्याप्रमाणे पाकिटे करावीत. सर्वांचे पैसे एका ‘म्होरक्या’च्या हाती देऊन मोकळे होण्याची आपली सवय गावात भांडणे लावते. तयार झालेली वस्तू मानधनात गृहीत धरू नये. ती हवी असल्यास वेगळी किंमत द्यावी, आणि ठेवताना खाली कलावंताचे नाव व गाव लिहावे. ‘आदिवासी कला’ एवढीच पाटी लावू नये.

विद्यार्थ्यांची पूर्वतयारी म्हणून 1863 मध्ये स्थापन झालेल्या आपल्या अजब बंगल्याची, म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाची, एक फेरी घडवावी. कोरकू भाषा मराठी-हिंदीच्या नव्हे तर मुंडारीच्या कुळातली आहे, एवढे तरी मुलांना ठाऊक असावे, म्हणजे ती गाणी ‘बिघडलेली हिंदी’ आहेत असे कोणी म्हणणार नाही.

परतीच्या दिवशी गणेशपेठ बसस्थानकावरून परतवाड्याकडे जाणारी सकाळची गाडी धरून द्यावी, म्हणजे पुढची गाडी मिळून ते उजेडी घरी पोहोचतात. ढोल टपावर टाकू देऊ नये. वाकस पोत्यात गुंडाळून पायाशी ठेवावी, आणि उरलेले शिवणीचे तुकडे त्याला हवे असतील तर बिलाच्या प्रतीसह त्याच पोत्यात घालून द्यावेत.