जड माल उचलायचाय, मग कप्पी कोणती घ्यायची?

आधी एक गैरसमज काढून टाका, वर टांगलेली एकटी कप्पी वजन हलकं करत नाही. ती फक्त ओढायची दिशा बदलते, म्हणजे १०० किलो उचलायला १०० किलोचाच जोर लागणार, घर्षणाचा वेगळा, आणि तुम्ही स्वतः ७० किलोचे असाल तर दोराला लोंबकळलात तरी माल जागचा हलणार नाही.

जोर वाचतो तो मालासोबत वर जाणाऱ्या कप्पीमुळे. किती वाचतो हे बघायला कप्प्या मोजत बसू नका, खालच्या ब्लॉकला (मालाला लावलेल्या कप्पीला किंवा कप्प्यांच्या संचाला) तोलून धरणारे दोराचे पदर मोजा. ४ पदर असतील तर २०० किलोला हिशोबाने ५० किलो जोर पुरतो, पण साध्या बुशच्या (बेअरिंगऐवजी नुसती नळी असलेल्या) कप्प्या दर वळणाला १०% तरी खातात म्हणून प्रत्यक्षात ६५ धरा, बेअरिंगवाल्या घेतल्या तर कमी. बदल्यात माल ३ मीटर चढवायला दोर १२ मीटर ओढावा लागतो, फुकट काहीच नाही.

आता ज्याकडे सगळे दुर्लक्ष करतात ते, वरचा हूक आणि बीम. खालून ओढताना तिथे मालाचं वजन अधिक तुमचा जोर असं दोन्ही येतं. एकट्या कप्पीवर २०० किलो टांगले की बीमवर ४०० च्या वर, ४ पदरांत तेच साधारण २६५. बीमची खात्री नसेल तर कप्पीची चर्चाच नको.

दोर घेताना 'तुटायचं वजन' नाही, सेफ वर्किंग लोड (सुरक्षितपणे टांगता येणारं वजन) बघा, आणि गाठ मारली की ताकद निम्म्यावर येऊ शकते हे पण धरा. दोर कप्पीच्या खाचेत नीट बसला पाहिजे, सैल असला तर बाजूला सरकून अडकतो.

माल मध्येच थांबवून ठेवायचा असेल, इंजिन वगैरे, तर माझ्या मते सरळ चेन पुली ब्लॉक (हाताने साखळी ओढून चालवायचा) घ्या. हात सोडला तरी आतला ब्रेक माल धरून ठेवतो, दोराच्या कप्पीत हात सुटला की माल खाली. हळू चालतो हे खरंय, पण घाई कुणाला आहे? जुना घेताना हूकचं तोंड फाकलंय का आणि लॅच (हूकचं तोंड बंद करणारी पट्टी) परत बसतेय का बघा, तोंड फाकलेला हूक म्हणजे आधी कुणीतरी ओव्हरलोड केलेला असतो, तो स्वस्तात मिळाला तरी नको.