शफलबॉटम म्हणजे नेमकं काय? विरळ इंग्रजी आडनावाचं मूळ शोधताना या चुका टाळा

विरळ आडनाव शोधायला सोपं, असा एक समज आहे. स्मिथ किंवा जोन्सच्या गर्दीत हरवण्यापेक्षा मोजकीच माणसं हाताळायची, मग अवघड काय आहे? गोम अशी की विरळ आडनावात एक चुकीची नोंद घुसली तरी अख्खं चित्र फिरतं. हजारांच्या गर्दीत ती खपून गेली असती, पण चाळीस माणसांच्या वंशवृक्षात ती एक आख्खी फांदी होऊन बसते.

इथे नमुन्याला शफलबॉटम हे आडनाव घेतलं आहे. ते हास्यास्पद वाटतं, विरळ आहे, आणि या शोधात होणाऱ्या जवळजवळ सगळ्या चुका त्याच्यावर होऊन गेल्या आहेत.

आजच्या इंग्रजीत अर्थ लावणे

शफल म्हणजे पाय घासत चालणं, बॉटम म्हणजे बूड. दोन्ही जोडून लोक एक मजेशीर पूर्वज तयार करतात आणि शोध तिथेच संपवतात. जुन्या इंग्रजीत 'बॉटम' किंवा 'बोथम' म्हणजे दरीचा तळ, खोरं. उत्तर इंग्लंडच्या पेनाइन डोंगररांगेच्या पायथ्याला अशा अरुंद खोऱ्यांची रांगच आहे, म्हणून ही सगळी 'बॉटम' आडनावं तिथेच दाटीने सापडतात. शफलबॉटमचं मूळ वायव्य इंग्लंडातल्या लँकशायर परगण्यातल्या बरी गावाजवळच्या शिपरबॉटम या ठिकाणात आहे. तेराव्या शतकातलं त्याचं रूप 'शिपेवालबोथेम'च्या आसपासचं आहे: मेंढ्या, झरा आणि खोरं. मेंढ्यांच्या झऱ्याचं खोरं. मधला 'वाल' झिजला. काहींच्या तोंडी त्यातल्या 'ल'चा 'र' होऊन शिपरबॉटम झालं, काहींच्या तोंडी 'ल' टिकला आणि पुढे ओळखीच्या 'शफल' शब्दाकडे ओढला गेला.

याच कुळातल्या रॅम्सबॉटमचं मूळ 1324 साली 'रोम्सबोथम' असं लिहिलेलं मिळतं. त्यातला पहिला भाग मेंढा की रानलसूण, यावर जाणकारांत आजही दोन तट आहेत. दोन्ही अर्थ नोंदवून ठेवा, आवडेल तो निवडू नका. साइडबॉटममधला 'साइड' म्हणजे बाजू नव्हे, जुन्या इंग्रजीतला रुंद. हिगिनबॉटममध्ये कुणी हिगिन नावाचा गृहस्थ नाही. ते बोल्टनजवळच्या ओकनबॉटमशी, म्हणजे ओकच्या झाडांच्या खोऱ्याशी जोडलं जातं. क्रिकेट पाहणाऱ्यांना रायन साइडबॉटम आणि इयान बोथम ठाऊक आहेतच. दोघांची आडनावं एकाच शब्दातून आली आहेत.

त्यावरून आणखी एक लाडका गैरसमज: 'बॉटम'ची लाज वाटली म्हणून सभ्य लोकांनी 'बोथम' करून घेतलं. काही घरांनी केलंही असेल. पण 'थ' असलेलं रूप मध्ययुगीन कागदांतच आहे, ते नंतर चढवलेलं पॉलिश नाही. त्यामुळे 'बोथम लिहिणारे श्रीमंत, बॉटम लिहिणारे गरीब' अशी वाटणी करून दोन घराणी वेगळी काढू नका.

आडनाव गावात शोधणे

मराठी माणसाला हे पटकन कळेल. सातारकर साताऱ्यात कमी आणि बाहेर जास्त. गावात राहणाऱ्याला गावाचं नाव लावून हाक मारायची गरजच नसते. तो गाव सोडून दुसरीकडे गेला की ते नाव त्याला चिकटतं. इंग्लंडातल्या ग्रामनामांवरून आलेल्या आडनावांचंही तसंच आहे. म्हणून शिपरबॉटमच्या खोऱ्यातच शोधत बसू नका. तिथून दहा-पंधरा मैलांचं वर्तुळ काढा, आणि नंतर लँकशायरच्या पलीकडे चेशायर व उत्तर स्टॅफर्डशायर धरा. शफलबोथम हे रूप तिकडे चांगलंच रुजलं आहे.

एकच स्पेलिंग धरून बसणे

सगळ्यात जास्त वेळ या चुकीत जातो. 1800 च्या आधी, आणि सामान्य घरांत त्यानंतरही बराच काळ, स्पेलिंग त्या माणसाचं नसायचं, लिहून घेणाऱ्या पाद्र्याचं किंवा कारकुनाचं असायचं. एकाच बापाची तीन मुलं तीन स्पेलिंगांनी नोंदलेली सापडणं नेहमीचं आहे.

बरीच संकेतस्थळं 'मिळतीजुळती नावं' शोधायला साउंडेक्स वापरतात. पहिलं अक्षर तसंच ठेवायचं, स्वर आणि एच, डब्ल्यू, वाय सोडून द्यायचे, लागोपाठ आलेलं तेच अक्षर एकदाच धरायचं, उरलेल्या पहिल्या तीन व्यंजनांना आकडे द्यायचे: बी, एफ, पी, व्ही यांना 1, डी आणि टी यांना 3, एलला 4, एम आणि एनला 5, आरला 6. आता करून पाहा. शफलबॉटममध्ये एस, मग एफ 1, एल 4, बी 1, म्हणजे एस-141. शफलबोथमही एस-141, शव्हलबॉटमही एस-141. इथपर्यंत ठीक. पण शिपरबॉटममध्ये एस, पी 1, आर 6, बी 1, म्हणजे एस-161. आणि शूबॉटम थेट एस-135. म्हणजे साउंडेक्सवर विसंबलात तर ज्या रूपावरून मूळ गाव कळतं नेमकं तेच यादीत येणार नाही.

उपाय तारांकित शोधाचा, म्हणजे तारा (*) घातला की तिथे कोणतीही अक्षरं चालतात. एसएच*बी*टी*एम असं घातलं की वरची पाचही रूपं एका फेरीत येतात. बऱ्याच ठिकाणी ताऱ्यांव्यतिरिक्त किमान तीन खरी अक्षरं लागतात. इथे पाच आहेत. त्यानंतर वाचनातल्या चुकांची वेगळी फेरी काढा: जुन्या अक्षरात जोड-एफ आणि जोड-टी सारखे दिसतात, म्हणून 'शटलबॉटम' शोधाच. सुरुवातीचा मोठा एस पुष्कळदा एल किंवा टी म्हणून उतरवला जातो, तेव्हा पहिलं अक्षरही ताऱ्यावर टाकून पाहा. आणि जी नोंद उपयोगी वाटेल तिचं मूळ पानाचं चित्र उघडून वाचा. अनुक्रमणिका हा फक्त पत्ता आहे, पुरावा नव्हे.

एका तक्त्यात पाच रकाने पुरतात: रूप, साउंडेक्स अंक, पहिल्यांदा सापडलेलं वर्ष, पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला भाग), कागदाचा प्रकार. पन्नासेक नोंदी झाल्या की कोणतं रूप कोणत्या पॅरिशमधून निघालं ते आपोआप दिसायला लागतं.

प्रसाराचा नकाशा जसा दिसतो तसा मानणे

आजच्या फोनबुकवरून किंवा मतदारयादीवरून काढलेला नकाशा मूळ सांगत नाही, स्थलांतर सांगतो. आधाराला 3 एप्रिल 1881 च्या रात्रीची जनगणना घ्या. तिची पूर्ण अनुक्रमणिका मोफत उपलब्ध आहे आणि आडनावांचे बहुतेक नकाशे तिच्यावरच बेतलेले असतात.

पण तो नकाशाही दोन प्रकारे रंगवतात: माणसांची संख्या, किंवा लाखामागे प्रमाण. विरळ आडनावात दोन्ही फसवतात. 1881 साली लँकशायरची लोकसंख्या सुमारे 34 लाख 54 हजार होती, रटलंडची सुमारे 21 हजार. एखादी मोलकरीण नोकरीसाठी एकटी रटलंडमध्ये असली तर लाखामागे प्रमाण 4.7 च्या घरात जातं. तेवढंच प्रमाण लँकशायरमध्ये यायला त्या आडनावाची 160 माणसं लागतात. नकाशावर दोन्ही परगणे सारखेच लाल! उलट नुसती संख्या पाहिली तर लिव्हरपूल आणि मँचेस्टर कायमच पुढे दिसतात, कारण सगळेच तिकडे गेले होते. दोन्ही नकाशे शेजारी ठेवा, आणि परगण्याऐवजी पुअर लॉ युनियनच्या (गरिबांच्या मदतीसाठी केलेल्या पॅरिशगटांच्या) पातळीवर उतरा.

याहून चांगली युक्ती म्हणजे राहण्याचं ठिकाण सोडा, जन्मस्थळाचा रकाना घ्या, आणि त्यातही फक्त साठी ओलांडलेली माणसं काढा. 1881 मध्ये साठीचा माणूस 1821 च्या आधी जन्मलेला, म्हणजे लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे (1830) सुरू होण्याच्या आधीचा. हा छोटासा तुकडा अख्ख्या नकाशापेक्षा जास्त बोलतो.

जन्मस्थळ वाचताना 'बरी'पाशी थांबा. लँकशायरचं बरी वेगळं, सफकमधलं बरी सेंट एडमंड्स वेगळं, आणि या नावाची आणखीही गावं आहेत. नकाशाची सॉफ्टवेअरं परगणा न बघता भलतीकडेच टाचणी टोचतात. 1841 च्या जनगणनेत तर गाव नसतंच. माणूस त्याच परगण्यात जन्मला का, एवढंच हो किंवा नाही. शिवाय पंधरा वर्षांवरील वय पाचाच्या पटीत खाली ओढायची सूचना होती, 39 चा माणूस 35 चा लिहिला जाई. गाव हवं असेल तर 1851 पासून पुढे पाहा.

1974 विसरू नका. त्या वर्षी 1 एप्रिलला ग्रेटर मँचेस्टर तयार झालं आणि बरी, बोल्टन, रॉचडेल लँकशायरमधून तिकडे गेले. स्टॉकपोर्ट आणि हाइड चेशायरमधून गेले, सॅडलवर्थ यॉर्कशायरमधून. आजच्या सीमांवर जुनी नोंद बसवली की एकच घराणं तीन परगण्यांत पसरल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात ते जागचं हललेलंही नसतं.

सर्वांत जुनी नोंद म्हणजे पहिला पूर्वज

मध्ययुगीन कागदात एखाद्या नावापुढे 'डी' लावून गाव लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ तो माणूस त्या गावचा, एवढाच. त्याच्या मुलाला तेच नाव लागलं असेल याची हमी नाही. दक्षिण इंग्लंडच्या मानाने लँकशायरमध्ये आडनावं वंशपरंपरेने पक्की व्हायला बराच उशीर लागला. बाप आणि मुलगा दोघं वेगवेगळ्या ठिकाणी राहत असताना तेच नाव लावताना दिसले, तरच आडनाव पक्कं समजा. 1377, 1379 आणि 1381 च्या पोल टॅक्सच्या (माणशी कराच्या) याद्या जिथे शिल्लक आहेत तिथे त्या आधी चाळा.

त्यानंतर मोठी पोकळी येते. पॅरिशच्या नोंदवह्या ठेवायचा हुकूम 1538 चा, पण सगळीकडच्या वह्या तेव्हापासून टिकल्या नाहीत. बरीच्या पॅरिशची छापील नोंदवही 1590 पासून सुरू होते. मधली दोन-अडीचशे वर्षं उडी मारून पार करू नका. मृत्युपत्रं, जमीनदारांच्या न्यायसभेचे कागद आणि पुढे 1662 ते 1689 मधला चुलीवरचा कर यांतून पायऱ्या बांधाव्या लागतात. लँकशायरच्या मृत्युपत्रांसाठी नुसतं परगण्याचं नाव धरून चालत नाही: 1541 पासून हा भाग चेस्टर धर्मप्रांतात होता, त्याआधी लिचफील्डकडे. चर्चच्या न्यायालयांकडचं मृत्युपत्रांचं काम नागरी न्यायालयांकडे 12 जानेवारी 1858 पासून गेलं.

तारखांचा घोळ

1752 पर्यंत इंग्लंडात नवं वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं. म्हणजे वहीतला 'फेब्रुवारी 1699' हा 'नोव्हेंबर 1699' च्या नंतरचा. हे लक्षात न घेता लग्न नोव्हेंबरात आणि बाप्तिस्मा फेब्रुवारीत बघून लोक आधीच्या मुलाची कुजबुज सुरू करतात. मूळ तारीख तशीच उतरवा आणि शेजारी 1699/1700 लिहा.

जन्म, लग्न आणि मृत्यूची नागरी (सरकारी) नोंदणी 1 जुलै 1837 पासून. अनुक्रमणिकेत तिमाही असते ती नोंदणीची, जन्माची नव्हे. जन्म नोंदवायला 42 दिवस मिळत, त्यामुळे डिसेंबरातलं बाळ मार्चच्या तिमाहीत निघतं. 1875 च्या आधी न नोंदवल्याचा दंड नव्हता आणि काही मुलं सुटलीच आहेत. छापील जुन्या अनुक्रमणिकेत आईचं माहेरचं आडनाव 1911 च्या सप्टेंबर तिमाहीपासून येतं. नोंदणी कार्यालयाच्या स्वतःच्या नव्या ऑनलाइन अनुक्रमणिकेत ते 1837 पासून आहे. विरळ आडनावाला यासारखं हत्यार नाही: आडनाव आणि माहेरचं नाव यांची जोडी लावली की भावंडांचा गठ्ठाच हाती येतो.

घराण्याचं बोधचिन्ह विकत घेणे

आडनावाला बोधचिन्ह नसतं. इंग्लंडात ते व्यक्तीला मिळतं आणि तिच्या वंशजांकडे जातं. फ्रेममध्ये विकतात ते तेच आडनाव लावणाऱ्या कुणा भलत्याचं असतं.

भारतातली नोंद चुकीच्या ठिकाणी टाचणे

पुण्याजवळच्या खडकीत किंवा कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये असं आडनाव दिसलं म्हणून इथे शाखा होती असं धरू नका. शिपाई रेजिमेंटबरोबर आला आणि बहुधा रेजिमेंटबरोबरच गेला. पण उलटी चूक जास्त महाग पडते: 1881 मध्ये भारतात तैनात असलेला माणूस इंग्लंडच्या जनगणनेत नाही, म्हणून तो वारला असं समजून फांदी तोडली जाते. मुंबई इलाख्यातल्या चर्चच्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या प्रती लंडनला जात. त्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दफ्तरात एन/3 या मालिकेत आहेत (बंगाल एन/1, मद्रास एन/2). तिथेही तारांकित शोधच लावा, कारण छावणीतल्या पाद्र्याला लँकशायरचा उच्चार कळला असेलच असं नाही.

डीएनए चाचणीवर शेवटचा भार टाकणे

वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, आडनावासारखंच. पुष्कळ इंग्रजी आडनावांवर झालेल्या संशोधनात विरळ आडनावांचे पुरुष एकाच पूर्वजाकडे जास्त जाताना दिसले, स्मिथसारखी आडनावं मात्र विखुरलेली निघाली. तरी एकाच माणसाच्या चाचणीतून काही कळत नाही. कागदावर जोडता न येणाऱ्या, पण शक्यतो दूरच्या दोन शाखांतले दोन पुरुष घ्या: एक बरीकडचा शिपरबॉटम, एक स्टॅफर्डशायरचा शफलबोथम. 37 मार्करांची (गुणसूत्रावरच्या 37 ठरावीक जागा तपासणारी) चाचणी सुरुवातीला पुरे. जुळले तर दोन रूपं एका घराची. जुळले नाहीत तर लगेच 'दोन मुळं' असा निकाल देऊ नका. मधे कुठेतरी दत्तक, आईचं आडनाव लावलेलं मूल किंवा सावत्र बापाचं नाव असू शकतं. प्रत्येक शाखेतला आणखी एकेक पुरुष तपासला की चूक कोणत्या बाजूला आहे ते कळतं.