जुनाट दुखण्यात रोजची नोंद कशी ठेवावी आणि कोणाला काय सांगावे

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या दुखण्याला वैद्यकशास्त्रात जुनाट वेदना म्हणतात. असे दुखणे घेऊन जगणाऱ्या माणसाला ‘आज कसे आहे?’ या प्रश्नाचे उत्तर घरी, कामाच्या ठिकाणी आणि डॉक्टरांसमोर सतत द्यावे लागते. बहुतेक वेळा ‘ठीक आहे’ किंवा ‘कालच्यासारखेच’ असे तोंडून निघून जाते आणि त्यातून कोणालाच काही उमगत नाही. रोज चार-पाच ओळींची नोंद ठेवली, तर हे उत्तर नेमके देता येते. आज किती दुखले यावर मात्र त्या नोंदीचा भर नसावा. दुखण्याने आज काय करू दिले आणि काय करू दिले नाही, हे तिच्यात आधी यावे, असे माझे ठाम मत आहे.

नोंद हवीच कशाला, आठवणीवर का भागत नाही, याचे उत्तर संशोधनात मिळते. डोनाल्ड रेडलमायर आणि डॅनिएल काह्नमन यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वेदनादायक तपासणीतून गेलेल्या रुग्णांना ती तपासणी किती त्रासाची आठवते, हे मुख्यतः सर्वात तीव्र क्षणावर आणि शेवटच्या काही मिनिटांवर अवलंबून असल्याचे दिसले. तपासणी किती वेळ चालली याचा त्या आठवणीशी फारसा संबंध नव्हता. महिन्याभराने डॉक्टरांकडे गेल्यावर आपलेही असेच होते. सर्वात वाईट दिवस आणि कालचा दिवस तेवढा आठवतो, मधले बरे दिवस पुसले जातात, आणि औषधाचा गुण आला की नाही हे त्या अर्धवट चित्रावरून ठरवले जाते.

ही नोंद त्याच दिवशी लिहिली गेली पाहिजे. २००२ मध्ये जुनाट वेदनेच्या रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात कागदी वहीत प्रकाशसंवेदक बसवून ती कधी उघडली जाते हे टिपण्यात आले. रुग्णांच्या लेखी ९० टक्के नोंदी वेळेवर झालेल्या होत्या. प्रत्यक्षात हे प्रमाण ११ टक्के निघाले. लोक खोटे बोलत होते असे यावरून म्हणणे अन्यायाचे होईल. दुखण्याने थकलेल्या माणसाला दिवसातून तीन-तीनदा लिहायला लावले की साचलेल्या नोंदी एकदम भरून टाकण्याचीच पाळी येते. म्हणून दिवसातून एकदाच लिहावे, संध्याकाळची एक ठरावीक वेळ धरावी, आणि एखादा दिवस राहिला तर तो कोरा सोडून पुढे जावे. बोटे किंवा मनगट दुखत असेल, तर फोनवर बोलून नोंद केली तरी चालते.

नोंदीत काय असावे

आधी रोजच्या जगण्यातील दोन-तीन कामे मोजमापासाठी निवडावीत आणि शक्यतो ती बदलू नयेत. किती वेळ सलग उभे राहता आले, जिना न थांबता चढता आला का, आंघोळ कोणाच्या मदतीशिवाय झाली का, असली साधी कामे यासाठी उत्तम असतात, कारण त्यांच्यावरून फरक चटकन दिसतो. त्याबरोबर रात्रीची झोप, घेतलेली औषधे आणि दुखणे वाढण्याआधीच्या काही तासांत काय घडले होते, एवढे लिहिले की पुरे. कंबरदुखी असलेल्या माणसाची एका दिवसाची नोंद साधारण अशी असू शकते:

‘रात्री दोनदा जाग आली. सकाळी कंबर जखडलेली होती, मोजे बसूनच घालावे लागले. दुपारी उभ्याने इस्त्री केली, २० मिनिटांनंतर डाव्या पायात चमक आली. पाऊण तास पडून राहिल्यावर बरे वाटले. वेदनाशामक गोळी एक. संध्याकाळी शेजारी येऊन बसले होते, तासभर दुखण्याकडे लक्षच गेले नाही.’

यातील शेवटचे वाक्य वगळू नये. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या सिद्धांतापासून हे मान्य होत गेले आहे, की शरीराकडून येणारे वेदनेचे संदेश मज्जारज्जूत कमी-अधिक केले जातात आणि त्यावर मेंदूकडून खाली येणाऱ्या संदेशांचाही परिणाम होतो. लक्ष, काळजी आणि मनःस्थिती यांचा वेदनेशी संबंध येतो तो असा. दुखणे मनाचे खेळ आहे, असा याचा अर्थ मुळीच नाही. दर तासाला ‘आता किती दुखते आहे?’ असे स्वतःला विचारत राहिल्याने लक्ष दुखण्यालाच खिळते. नोंद थोडक्यात आणि दिवसातून एकदाच ठेवावी, असे मी म्हणतो त्यामागे हेही कारण आहे.

आकडा हवाच असेल तर तो आठवड्यातून एकदा लिहावा. त्यासाठी पेग नावाची, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेली तीन प्रश्नांची पट्टी आहे: गेल्या आठवड्यात सरासरी दुखणे किती होते, त्याने जगण्यातील आनंदात किती अडथळा आणला आणि रोजच्या कामात किती. प्रत्येक उत्तर ० ते १० मध्ये द्यायचे आणि तिन्हींची सरासरी काढायची. तिन्हींपैकी दोन प्रश्न जगण्याविषयी आहेत, हे मला तिचे सर्वात मोठे मोल वाटते. उपचाराने दुखण्याचा आकडा शून्यावर येईल अशी अपेक्षा मात्र धरू नये. ० ते १० च्या पट्टीवर २ अंकांची किंवा साधारण ३० टक्क्यांची घटसुद्धा संशोधनात अर्थपूर्ण सुधारणा मानली जाते.

नोंदीचा स्वतःला उपयोग

दोन-तीन आठवड्यांच्या नोंदी एकत्र वाचल्या की बहुतेकांना एकच गोष्ट दिसते: बरे वाटले त्या दिवशी तुंबलेली सगळी कामे उरकली आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात गेले. हे चक्र मोडण्यासाठी कामाची वेळ घड्याळाने ठरवावी लागते. समजा, तीन वेगवेगळ्या दिवशी दुखणे वाढेपर्यंत २०, १२ आणि १६ मिनिटे उभे राहता आले, तर सरासरी १६ मिनिटे येते. तिच्यातून पाचवा हिस्सा वजा करून सुमारे १३ मिनिटांपासून सुरुवात करावी. बऱ्या दिवशीही १३ मिनिटांनी बसायचे आणि वाईट दिवशीही, जमत असल्यास, तेवढे उभे राहायचे. मग आठवड्या-आठवड्याने एखाद-दुसरे मिनिट वाढवायचे. बऱ्या दिवशी हात आखडता घेणे हाच यातील सर्वात अवघड भाग आहे, कारण घरात कामे पडलेली दिसत असतात आणि आपल्याला तर आज जमण्यासारखे वाटत असते.

औषधांची नोंद का ठेवायची, याची दोन ठोस कारणे आहेत. वारंवार डोके दुखणाऱ्यांनी साधी वेदनाशामके महिन्यात १५ किंवा त्याहून अधिक दिवस, अथवा ट्रिप्टान (अर्धशिशीवरची औषधे), ओपिऑइड (अफूच्या वर्गातील वेदनाशामके) किंवा एकाहून अधिक घटकांच्या संयुक्त गोळ्या १० किंवा त्याहून अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली, तर औषधाच्या अतिवापरामुळेच डोके दुखत राहू शकते. गोळी घेतलेल्या दिवसांवर खूण केल्याशिवाय हे लक्षात येत नाही. दुसरे असे की, पॅरासिटामॉल अनेक संयुक्त गोळ्यांत असते. निरोगी प्रौढासाठी त्याची २४ तासांची कमाल मर्यादा ४ ग्रॅम आहे, यकृताचा विकार असल्यास किंवा वजन फार कमी असल्यास ती आणखी खाली येते, आणि दोन वेगळ्या नावांच्या गोळ्या घेताना ती नकळत ओलांडली जाऊ शकते. म्हणून गोळीच्या नावापुढे तिच्यातील घटकही लिहावा.

कोणाला काय सांगावे

घरच्यांना आकडा सांगून उपयोग होत नाही. ‘आज सात आहे’ या वाक्यावर माया करणाऱ्या माणसालाही काय करावे ते सुचत नाही आणि तो नुसताच काळजीत पडतो. आज काय जमेल, काय जमणार नाही आणि कोणती मदत हवी, हे मात्र थेट सांगता येते: ‘आज वाकता येत नाही. कपडे वाळत तू घाल, घड्या मी बसून घालीन.’ यात मदत मागितली जाते आणि आपला वाटाही उचलला जातो. दुखणे एकाएकी उसळते त्या दिवशी बोलण्याचेही त्राण नसते. तेव्हा काय करायचे, कोणी काय सांभाळायचे आणि किती वेळ एकटे सोडायचे, हे बऱ्या दिवशीच ठरवून ठेवावे. कामाच्या ठिकाणी आजाराचा तपशील सगळ्यांना देण्याची गरज नसते. तासाभराने उठून दोन मिनिटे चालावे लागते, एवढे वरिष्ठांना कळले तरी बरेच निभते.

डॉक्टरांकडे जाताना संपूर्ण वही नेऊ नये. एका पानावर निवडलेल्या कामांतील बदल, झोप, औषधांचे दिवस आणि दुखण्याचा प्रकार लिहून न्यावा. ठसठसते, आग होते, विजेसारखी चमक येते, मुंग्या येतात की हालचाल केल्यावरच कळ येते, हे सांगितल्याने डॉक्टरांना दिशा मिळते. आग, चमक आणि मुंग्या ही मज्जातंतूंच्या दुखण्याची खूण असू शकते आणि त्याची औषधे वेगळी असतात. तपासण्यांत काही सापडले नाही म्हणून संकोचू नये. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा माणूस स्वतःच्या वेदनेविषयी जे सांगतो त्याचा आदर केला पाहिजे, असे तिच्यासोबत स्पष्ट नोंदवले आहे.

काही लक्षणे मात्र वहीत लिहून पुढच्या भेटीपर्यंत ठेवायची नसतात. लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे, लघवी अडणे, जांघेत आणि बैठकीच्या जागी बधिरपणा येणे, हातापायांत एकाएकी अशक्तपणा येणे, यांसाठी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. दुखण्यासोबत ताप येत असेल किंवा कारणाशिवाय वजन घटत असेल, तर लवकरात लवकर डॉक्टरांना दाखवावे. दुखण्यापायी जगणे नकोसे वाटू लागले, तर तेही त्याच दिवशी जवळच्या माणसाला आणि डॉक्टरांना सांगावे.

रोजची नोंद आयुष्यभर ठेवायची नसते. दोन-तीन महिन्यांनी तिच्यातून नवे काही कळेनासे झाले, किंवा वही उघडली की मन खचू लागले, तर आठवड्याच्या तीन प्रश्नांवर यावे आणि औषध, व्यायाम किंवा काम बदलेल तेव्हा चार-सहा आठवड्यांपुरती रोजची नोंद पुन्हा सुरू करावी.